युरोपातील फिनटेक परवाना कुठवर चालतो आणि कोणता सल्ला कुठल्या वकिलाकडून घ्यावा

पुण्यातील एका पेमेंट तंत्रज्ञान कंपनीच्या संस्थापकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जर्मनी, नेदरलँड्स आणि आयर्लंड या देशांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या भारतीयांना घरी पैसे पाठवता यावेत यासाठी त्यांनी अॅप तयार केले आहे. पुढे त्याला कार्ड जोडायचे आहे आणि त्यानंतर पगाराच्या आधी लागणारी छोटी रक्कम कर्जाऊ देण्याची सोय करायची आहे. ‘लिथुआनियात परवाना काढा, तो तीस देशांत चालतो, सगळ्यासाठी तिथला एकच वकील पुरेल’ असे त्यांना सांगण्यात आले आहे. हे कितपत खरे आहे आणि कायदेशीर सल्ला कोणाकडून, कोणत्या क्रमाने घ्यावा, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

लिथुआनियात परवाना मिळू शकतो, हे खरे आहे. तो युरोपीय संघाचे २७ सदस्य देश आणि आइसलँड, लिक्टेन्स्टाइन व नॉर्वे अशा तीस देशांत चालतो, हे तुमच्या तीन कामांपैकी पहिल्या दोन कामांपुरते खरे आहे. एकच वकील पुरेल, हे मात्र या क्षेत्रात काम करताना मी कधीही खरे ठरलेले पाहिलेले नाही. परवाना सीमा ओलांडतो. ग्राहकाशी केलेल्या कराराचा अर्थ, कर्ज देण्याची मुभा, ओळख तपासण्याची पद्धत आणि दावा कुठे चालेल हा प्रश्न, हे सारे त्या त्या देशाच्या हातात राहते. म्हणून सल्ला कामानुसार मागावा आणि प्रत्येक कामाबाबत कोणत्या देशाचा कायदा लागतो हे सर्वांत आधी ठरवावे, असे माझे ठाम मत आहे.

एका देशाचा परवाना इतर देशांत चालण्याची, पासपोर्टिंग या नावाने ओळखली जाणारी ही सोय पेमेंट सेवांच्या बाबतीत २०१५ च्या दुसऱ्या पेमेंट सेवा निर्देशातून, म्हणजे पीएसडी-२ मधून येते (निर्देश म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा युरोपीय कायदा). तो १३ जानेवारी २०१८ पासून लागू आहे. परवाना देणारा देश हा तुमचा मूळ देश आणि सेवा जिथे देता तो यजमान देश. नव्या देशात काम सुरू करायचे असेल तेव्हा तुम्ही मूळ देशाच्या नियामकाला कळवता, तो एका महिन्याच्या आत ती माहिती यजमान नियामकाकडे पाठवतो, यजमान नियामकाला मत कळवण्यासाठी एक महिना मिळतो आणि पूर्ण माहिती हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मूळ नियामक आपला निर्णय कळवतो. मनी लॉन्ड्रिंगचा धोका दिसत असेल तर यजमान नियामक आक्षेप नोंदवू शकतो, आणि ज्या मूळ नियामकाला तो आक्षेप मान्य नसेल त्याला तशी कारणे द्यावी लागतात. ही सोय पूर्ण परवाना असलेल्या संस्थेलाच मिळते. महिन्याला सरासरी ३० लाख युरोपर्यंतच्या व्यवहारांसाठी काही देश जी सवलतीची नोंदणी देतात, ती त्या देशाबाहेर चालत नाही. ‘आधी छोटी नोंदणी करू, मग पसरू’ असे नियोजन अनेक संस्थापक करतात. त्यांनी हा मुद्दा सुरुवातीलाच लक्षात घ्यावा.

आता लिथुआनियाबद्दल. तिथल्या मध्यवर्ती बँकेने फिनटेक कंपन्यांचे मोकळेपणाने स्वागत केले आणि सेन्ट्रोलिंक या आपल्या यंत्रणेतून बँक नसलेल्या परवानाधारक संस्थांनाही सेपा या युरो पेमेंट जाळ्यात थेट प्रवेश दिला. ३१ डिसेंबर २०२० रोजी ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपला आणि ब्रिटिश परवान्यांचा पासपोर्ट बंद झाला, त्याच्या आगेमागे अनेक कंपन्या तिकडे वळल्या त्या यामुळेच. पण तुमच्या बाबतीत मला हा पर्याय पटत नाही, आणि त्याचे कारण पीएसडी-२ च्या कलम ११ मध्येच आहे. परवानाधारक संस्थेचे मुख्य कार्यालय मूळ देशात असले पाहिजे आणि तिच्या पेमेंट व्यवसायाचा काही भाग तरी तिथे प्रत्यक्ष चालला पाहिजे, असे ते कलम सांगते. तुमचे ग्राहक जर्मनी, नेदरलँड्स आणि आयर्लंडमध्ये आहेत, अभियंते पुण्यात आहेत आणि व्हिल्नियस या लिथुआनियाच्या राजधानीत फक्त पत्ता व एक संचालक असेल, तर नियामकाच्या पहिल्याच बैठकीत या रचनेवर प्रश्न येतील. गेल्या काही वर्षांत लिथुआनियाची मध्यवर्ती बँक पुष्कळ कडक झाली आहे. ‘तिथे लवकर होते’ ही ऐकीव माहिती जुन्या काळातली आहे. युरोपीय बँकिंग प्राधिकरणाने २०२३ मध्ये सदस्य देशांच्या परवाना प्रक्रियांची जी तपासणी प्रसिद्ध केली, तिच्यातही देशोदेशी लागणाऱ्या काळात आणि तपासणीच्या खोलीत मोठी तफावत असल्याचे नोंदवले आहे. परवान्याच्या निर्णयासाठी निर्देशात दिलेली तीन महिन्यांची मुदत अर्ज पूर्ण असल्याचे नियामकाने मान्य केल्यावर सुरू होते, आणि बहुतेक वेळ त्या टप्प्यापर्यंत पोहोचण्यातच जातो.

तुमच्या तीन देशांपैकी एकाची निवड मूळ देश म्हणून करणे मला अधिक योग्य वाटते. आयर्लंडमध्ये कागदपत्रे, बैठका आणि न्यायालयीन भाषा इंग्रजी असल्यामुळे तुमच्या संचालकांना नियामकापुढे स्वतः बोलता येईल, आणि याचे महत्त्व मी पुढे सांगणार आहे. नेदरलँड्सचाही विचार जरूर करावा. जर्मनीत अर्ज करण्याला कायद्याची अडचण नाही, पण बाफिन या तिथल्या नियामकाशी होणारा पत्रव्यवहार मुख्यतः जर्मन भाषेत चालतो आणि त्याचा खर्च पहिल्या वर्षी तुम्हाला झेपेल का, हे तपासून पाहावे.

युरोपातील कोणत्याही वकिलाची भेट घेण्याआधी एक काम भारतातच करावे लागेल, आणि युरोपातील सल्लागार त्याबद्दल सहसा बोलत नाहीत, कारण तो त्यांचा विषय नाही. २०२२ च्या ऑगस्टपासून लागू झालेल्या, भारतातून परदेशात करायच्या गुंतवणुकीच्या नियमांनुसार, वित्तीय सेवा क्षेत्रात नसलेल्या भारतीय कंपनीला बँक आणि विमा वगळता इतर वित्तीय सेवा देणाऱ्या परदेशी कंपनीत थेट गुंतवणूक करायची असेल, तर मागील तीन आर्थिक वर्षे तिला निव्वळ नफा झालेला असावा लागतो. भारतीय कंपनी स्वतः वित्तीय सेवा क्षेत्रात असेल तरीही नफ्याची अट सुटत नाही, उलट तिला भारतातील नियामकाकडील नोंदणी आणि आवश्यक मंजुऱ्या यांचीही पूर्तता करावी लागते. नव्या तंत्रज्ञान कंपन्यांपैकी बहुतेक पहिली काही वर्षे तोट्यात असतात, त्यामुळे डब्लिनमधील परवानाधारक उपकंपनी पुण्याच्या कंपनीच्या मालकीची ठेवण्याचा साधा मार्ग त्यांच्यासाठी बंद होतो. संस्थापकांनी व्यक्तिशः शेअर घेऊन वाट काढू म्हटले, तर निवासी भारतीय व्यक्तीला वित्तीय सेवा देणाऱ्या परदेशी कंपनीत थेट गुंतवणूक करण्यास त्याच नियमांनी मोजके अपवाद सोडून मनाई केलेली आहे. गुजरातमधील गिफ्ट सिटीतील आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्रात गुंतवणूक करताना नफ्याची अट शिथिल आहे, पण तिथून पुढे युरोपात कसे जायचे हा वेगळा आणि नाजूक प्रश्न आहे. फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्यात नियमित काम करणाऱ्या वकिलाचे किंवा सनदी लेखापालाचे लेखी मत हाती आल्याशिवाय युरोपात एक युरोही खर्च करू नये, असे मी आवर्जून सांगेन.

याची दुसरी बाजूही भारतातच आहे. तुमचा ग्राहक डब्लिनमध्ये युरो देतो आणि त्याच्या आईला नाशिकमध्ये रुपये मिळतात. यातला शेवटचा टप्पा रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत बसला पाहिजे. मनी ट्रान्स्फर सर्व्हिस स्कीम ही एक चौकट आहे. तिच्यात फक्त वैयक्तिक स्वरूपाचे पैसे पाठवता येतात, एका व्यवहाराला २,५०० अमेरिकी डॉलरची मर्यादा आहे आणि एका लाभार्थ्याला वर्षात ३० वेळाच पैसे घेता येतात. दुसरी चौकट रुपी ड्रॉइंग अरेंजमेंटची आहे, ज्यात परदेशी संस्था भारतातील अधिकृत बँकेकडे खाते ठेवून काम करते आणि वैयक्तिक रकमांना अशी कमाल मर्यादा नसते. घरासाठी किंवा शिक्षणासाठी मोठ्या रकमा पाठवणारे ग्राहक तुम्हाला हवे असतील, तर पहिली चौकट पुरणार नाही. ही निवड झाल्याशिवाय युरोपातील नियामकाला सादर करायचा व्यवसाय आराखडा लिहिताच येत नाही, कारण ‘शेवटी पैसा कोणामार्फत पोहोचतो’ हा त्याचा पहिल्या काही प्रश्नांपैकी एक असतो.

यानंतर एक कागद तयार करावा, आणि तो वकिलाने नव्हे तर तुम्ही स्वतः तयार करावा. ग्राहकाच्या खात्यातून निघालेला युरो लाभार्थ्याच्या खात्यात रुपया होईपर्यंत कोणकोणत्या खात्यांत थांबतो, प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबतो, ते खाते कोणाच्या नावावर आहे, चलन कोण बदलतो आणि मध्येच काही अडले तर ग्राहकाला पैसे परत देण्याचे बंधन कोणावर आहे, हे त्यात रेषा आणि चौकटी काढून दाखवावे. आमच्या कामात सर्वांत जास्त चुका या कागदाच्या अभावी होतात. संस्थापक ‘आम्ही फक्त तंत्रज्ञान पुरवतो’ असे म्हणतात, पण आराखडा काढल्यावर लक्षात येते की दोन दिवस ग्राहकाचा पैसा त्यांच्याच नावाच्या खात्यात पडून आहे, आणि मग ती पेमेंट सेवा ठरते. पीएसडी-२ च्या कलम १० प्रमाणे पैसा मिळाल्याच्या पुढील कामकाजाच्या दिवसाअखेरपर्यंत तो पुढे गेला नसेल, तर तो बँकेत वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो किंवा सुरक्षित व सहज मोडता येईल अशा साधनांत गुंतवावा लागतो. विम्याचा किंवा हमीचा पर्यायही आहे. वेगळे खाते देणारी बँक मिळवणे हे परवाना मिळवण्याइतकेच अवघड काम आहे, म्हणून त्याचा शोध पहिल्या महिन्यापासून सुरू करावा.

भांडवलाचे आकडे सरळ आहेत. केवळ पैसे पाठवण्याच्या सेवेला किमान २०,००० युरो, ग्राहकांची खाती चालवून पेमेंट करण्यासारख्या सेवांना १,२५,००० युरो आणि ई-मनी, म्हणजे ग्राहकाने आधी भरून ठेवलेला डिजिटल पैसा, चालवणाऱ्या संस्थेला ३,५०,००० युरो. व्यवहार वाढतात तसे प्रत्यक्षात लागणारे भांडवल यापेक्षा वाढत जाते. युरोपीय आयोगाने २८ जून २०२३ रोजी मांडलेल्या प्रस्तावांत ई-मनी संस्थांचा वेगळा वर्ग संपवून त्या पेमेंट संस्थांच्या एकाच चौकटीत आणण्याचा विचार आहे, त्यामुळे अर्जाचा प्रकार ठरवताना त्या प्रस्तावांची सद्यःस्थिती वकिलाकडून लेखी मागावी. भांडवल कोणाकडून आले हे आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. दहा टक्के किंवा त्याहून अधिक हिस्सा असलेल्या प्रत्येक भागधारकाची छाननी होते आणि भारतीय गुंतवणूकदारांच्या निधीचा उगम दाखवणारी कागदपत्रे जमवण्यात अनपेक्षितपणे बराच काळ जातो. पुढच्या गुंतवणूक फेरीच्या करारांतही ‘नियामकाची संमती मिळेपर्यंत शेअर हस्तांतर पूर्ण होणार नाही’ अशी अट घालायला विसरू नये.

कार्डाकडे वळू. स्वतःचा ई-मनी परवाना घेऊन कार्ड जाळ्याचे सदस्य होणे हा एक मार्ग, आणि दुसऱ्या परवानाधारक संस्थेच्या छत्राखाली आपल्या नावाचे कार्ड काढणे हा दुसरा. नवख्या कंपन्या दुसरा मार्ग घेतात, आणि त्यात गैर काही नाही. पण त्या छत्राला काय होऊ शकते हे पाहून करार करावा. म्युनिकजवळच्या आश्हाइम येथील वायरकार्ड या कंपनीने जून २०२० मध्ये १.९ अब्ज युरो अस्तित्वातच नसावेत असे कबूल केले आणि २५ जूनला दिवाळखोरीचा अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी ब्रिटिश नियामक एफसीएने त्या समूहाच्या न्यूकॅसल येथील उपकंपनीचे कामकाज थांबवले, आणि जर्मन कंपनीशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता अशा ब्रिटिश अॅप वापरणाऱ्या लोकांची कार्डे काही दिवस बंद पडली. निर्बंध ३० जूनला उठले, परंतु तेवढ्या काळात ज्यांच्या पगाराचे पैसे त्या कार्डांवर होते त्यांनी काय केले असेल याचा विचार केला की कराराची कलमे निव्वळ कागदी राहत नाहीत. २०२३ च्या जूनमध्ये लिथुआनियाच्या मध्यवर्ती बँकेने पेअरनेट या संस्थेचा परवाना रद्द केला, तेव्हाही तिच्या आधारे सेवा देणाऱ्या कंपन्यांवर अशीच वेळ आली.

म्हणून या करारासाठी, तो ज्या देशाच्या कायद्याखाली आहे तिथला व्यापारी करारांचा अनुभवी वकील स्वतंत्रपणे नेमावा. परवान्याचे काम करणारा वकील इथे पुरेसा नसतो. सेवा देणाऱ्या संस्थेवर नियामकाने कारवाई सुरू केल्यास तुम्हाला कधी कळवले जाईल, ग्राहकांची ओळखपत्रे आणि व्यवहारांच्या नोंदी कोणत्या स्वरूपात व किती दिवसांत तुमच्याकडे येतील, वेगळ्या ठेवलेल्या पैशाच्या खात्यावर कोणाचा शब्द चालेल आणि ग्राहक दुसऱ्या संस्थेकडे नेण्याचा हक्क तुम्हाला आहे का, या चार गोष्टींची स्पष्ट उत्तरे करारात नसतील तर सही करू नये. तयार मसुद्यात ही उत्तरे नसतात. मागितली तर बहुधा मिळतात.

कर्जाच्या सोयीबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण इथेच ‘तीस देशांत चालतो’ हे वाक्य मोडते. बँक नसलेल्या संस्थेला संपूर्ण युरोपात कर्ज देता येईल असा पासपोर्ट अस्तित्वात नाही. पेमेंट संस्था कर्ज देऊ शकते, पण ते पेमेंट व्यवहाराला जोडून व त्याच्या अनुषंगानेच दिलेले असावे लागते, पासपोर्टच्या आधारे दुसऱ्या देशात दिले असेल तर बारा महिन्यांच्या आत फिटावे लागते आणि ग्राहकांच्या ठेवलेल्या पैशातून ते देता येत नाही. पगारापूर्वीची उचल या व्याख्येत बसते असे म्हणणे धाडसाचे आहे. ते कर्ज पेमेंटला जोडलेले नाही, ते स्वतंत्र कर्जच आहे. ते स्वतंत्र ठरले की प्रत्येक देशाचा कायदा वेगळा बोलू लागतो. जर्मनीत व्यवसाय म्हणून कर्ज देणे हा बँकिंग व्यवसाय आहे आणि त्याला बँकिंग कायद्याखालील परवाना लागतो, म्हणूनच तिथल्या अनेक फिनटेक कंपन्या पाठीमागे परवानाधारक बँक ठेवून कर्ज देतात. नेदरलँड्समध्ये ग्राहक कर्जासाठी एएफएम या प्राधिकरणाचा परवाना लागतो. आयर्लंडमध्ये मध्यवर्ती बँकेकडून किरकोळ कर्ज देणारी संस्था म्हणून मान्यता घ्यावी लागते.

यात भर म्हणून ग्राहक कर्जाचा नवा निर्देश, २०२३/२२२५, २० नोव्हेंबर २०२६ पासून लागू होतो. जुना निर्देश २०० युरोंपेक्षा कमी रकमेच्या कर्जांना लागू नव्हता आणि बिनव्याजी कर्जेही त्याच्या बाहेर होती. नव्या निर्देशाने दोन्ही सवलती मोठ्या प्रमाणात काढून घेतल्या आहेत. तुमची उचल छोटी आणि बिनव्याजी आहे म्हणून कायदा लागत नाही, असे एखाद्या सल्लागाराने सांगितले तर त्याला या निर्देशाबद्दल विचारावे. माझा सल्ला असा आहे की पहिल्या अर्जात कर्जाचा उल्लेखसुद्धा करू नये, आणि ते काम पुढे सुरू करायचेच असेल तर एका देशात, तिथल्या बँकेशी भागीदारी करून, तिथल्या वकिलाच्या स्वतंत्र मतावर सुरू करावे.

ग्राहकांशी होणाऱ्या कराराविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. ‘या कराराला आयर्लंडचा कायदा लागू राहील’ असे एक कलम लिहिले की काम झाले, असे समजले जाते. कराराला कोणत्या देशाचा कायदा लागतो हे ठरवणाऱ्या युरोपीय रोम-१ नियमाच्या कलम ६ नुसार, तुम्ही ज्या देशातील ग्राहकांकडे आपला व्यवसाय वळवता, त्या देशाच्या कायद्याने ग्राहकाला दिलेले सक्तीचे संरक्षण कराराने काढून घेता येत नाही, आणि न्यायालयांच्या अधिकारक्षेत्राविषयीच्या वेगळ्या युरोपीय नियमानुसार ग्राहक आपल्या राहत्या देशातील न्यायालयात दावा लावू शकतो. युरोपीय न्यायालयाने २०१६ च्या जुलैमध्ये एका ऑस्ट्रियन ग्राहक संघटनेच्या प्रकरणात याही पुढे जाऊन सांगितले की हे संरक्षण कायम आहे हे न सांगता फक्त परदेशी कायद्याचा उल्लेख करणारे कलम ग्राहकाची दिशाभूल करते आणि म्हणून ते अन्याय्य ठरू शकते. जर्मन सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०२१ रोजी एका बँकेच्या बाबतीत निकाल दिला की ‘दोन महिन्यांत हरकत घेतली नाही तर नव्या अटी व शुल्क मान्य असल्याचे मानले जाईल’ अशा सर्वसमावेशक कलमाला अर्थ नाही. पीएसडी-२ मध्ये गप्प राहण्याला संमती मानण्याची मुभा दिसते, ती वाचून बाहेरच्या देशातील वकील निर्धास्त होतात, आणि मग जर्मन ग्राहकांकडून घेतलेले वाढीव शुल्क परत करण्याची वेळ येते. तुमच्या अटी व शर्ती तिन्ही देशांतील वकिलांनी स्वतंत्रपणे वाचल्याच पाहिजेत. हे काम लहान आहे, ठरावीक शुल्कात होते आणि त्यावर केलेला खर्च वाया जात नाही. भाषेबाबत थोडी मोकळीक आहे : ग्राहकाशी सहमतीने इंग्रजी ठरवता येते, पण ती सहमती नोंदलेली असावी.

ओळख तपासणीचेही असेच आहे. मनी लॉन्ड्रिंगविरोधी सामायिक युरोपीय नियम १० जुलै २०२७ पासून लागू होणार आहेत आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी फ्रँकफर्टमध्ये अॅमला हे नवे प्राधिकरण स्थापन झाले आहे. तोपर्यंत प्रत्येक देशाने आपापल्या कायद्यात उतरवलेल्या तरतुदी चालतात. जर्मनीत व्हिडिओद्वारे ओळख पटवण्यासाठी बाफिनने २०१७ मध्ये तपशीलवार अटी घातल्या आहेत, त्या अन्य देशांतील पद्धतींहून कडक आहेत. यजमान देशात दुकाने किंवा एजंट नेमले, तर तिथे तुमचे अस्तित्व निर्माण झाले असे धरून त्या देशाचे नियम लावले जाऊ शकतात आणि संपर्कासाठी तिथे एक केंद्र नेमण्याची मागणीही होऊ शकते. केवळ अॅपवरून सेवा देताना हा भार हलका असतो. बर्लिनच्या एन-२६ या बँकेवर बाफिनने २०२१ च्या अखेरीस महिन्याला ५०,००० नव्या ग्राहकांची मर्यादा घातली आणि ती २०२४ मध्ये उठवली. ग्राहक ज्या वेगाने वाढले त्या वेगाने तपासणीची यंत्रणा वाढली नाही, असे त्या कारवाईमागचे कारण होते, आणि एवढ्या मोठ्या बँकेला ज्याची किंमत मोजावी लागली ती चूक तुमच्या आकाराच्या कंपनीला झेपणारी नाही.

पुण्यातील कार्यालयाचा प्रश्न बहुतेक वेळा शेवटी येतो, पण तो आधी यायला हवा. १७ जानेवारी २०२५ पासून डोरा हा डिजिटल सक्षमतेचा नियम लागू आहे. तुमची डब्लिनची संस्था पुण्याच्या कंपनीकडून सॉफ्टवेअर आणि देखभाल घेईल तेव्हा, दोन्ही एकाच समूहातील असल्या तरी, पुण्याची कंपनी तंत्रज्ञान पुरवठादार ठरते. त्यामुळे लेखी करार, सेवेचा दर्जा, माहिती कुठे साठवली जाते याचा उल्लेख, घटना घडल्यास सहकार्य आणि करार संपवण्याची तरतूद हे सगळे आवश्यक होते. महत्त्वाच्या कामांसाठी तपासणीचा हक्क आणि बाहेर पडण्याचा आराखडाही लागतो. पुणे, मुंबई, नागपूर येथून युरोपातील वित्तीय संस्थांना सेवा देणाऱ्या ज्या कंपन्यांचा परवान्याशी काही संबंध नाही, त्यांनाही त्यांचे ग्राहक आता हीच कलमे पाठवत आहेत. वैयक्तिक माहितीच्या बाबतीत भारताला युरोपीय आयोगाची पुरेशा संरक्षणाची मान्यता मिळालेली नाही, म्हणून ४ जून २०२१ रोजी स्वीकारलेली प्रमाणित करारकलमे वापरावी लागतात आणि भारतीय कायद्यामुळे त्या माहितीला काय धोका पोहोचू शकतो याचे मूल्यमापन लिहून ठेवावे लागते. सर्व्हर फ्रँकफर्टमध्ये आहे म्हणून प्रश्न मिटत नाही. पुण्यातील कर्मचाऱ्याने ग्राहकाची नोंद पडद्यावर उघडली की माहिती भारतात गेली असेच धरले जाते.

वकिलांच्या निवडीबद्दल शेवटी बोलतो. युरोपीय संघातील वकिलांना एकमेकांच्या देशांत काम करता यावे यासाठी १९७७ आणि १९९८ चे दोन निर्देश आहेत, पण त्यांचा लाभ तिथल्या मान्य पदव्यांपुरता आहे. भारतीय वकील तुमची बाजू उत्तम समजून घेईल, समन्वय करील, मात्र जर्मन कायद्यावर त्याने दिलेले मत नियामकापुढे ठेवता येत नाही, आणि जर्मनीत न्यायालयाबाहेरचा कायदेशीर सल्ला देण्यावरही स्वतंत्र कायद्याचे निर्बंध आहेत. ब्रेक्झिटनंतर लंडनच्या सॉलिसिटरनाही ही मुभा उरलेली नाही. गोपनीयतेकडेही लक्ष द्यावे : अॅक्झो नोबेल प्रकरणात युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले की स्पर्धा कायद्याखाली युरोपीय आयोग करतो त्या चौकशीत कंपनीच्या पगारी वकिलाशी झालेल्या पत्रव्यवहाराला वकील-अशिलाचे संरक्षण मिळत नाही, आणि ज्या स्वतंत्र वकिलाला ते मिळते तो युरोपीय आर्थिक क्षेत्रातील, म्हणजे वर सांगितलेल्या तीस देशांतील, नोंदणीकृत असावा लागतो. अंतर्गत ईमेलमध्ये ‘हे बहुधा बेकायदा आहे’ अशा धर्तीची वाक्ये लिहिण्याआधी हे आठवावे.

मूळ देशातील एक संस्था मुख्य सल्लागार म्हणून नेमावी आणि इतर देशांतील वकिलांना तिच्यामार्फत मोजके, बंदिस्त प्रश्न पाठवावेत. ‘आमचे मॉडेल कायदेशीर आहे का’ असे विचारले की वीस पानांचे, कोणतीच बाजू न घेणारे टिपण येते. त्याऐवजी पैशाच्या प्रवासाचा तुम्ही काढलेला तोच कागद जोडून विचारावे : ‘चौथ्या चौकटीत पैसा १८ तास थांबतो, तुमच्या देशात यासाठी पासपोर्टखेरीज वेगळी परवानगी लागते का, लागत असल्यास कोणती, आणि न घेतल्यास दंड संस्थेवर होतो की संचालकांवर?’ प्रत्येक मतात कोणत्या गृहीतांवर ते दिले आहे आणि कोणत्या तारखेचा कायदा धरला आहे हे लिहिलेले असावे.

अर्ज मात्र पूर्णपणे वकिलांकडून लिहून घेऊ नये. नियामक संचालकांची आणि मनी लॉन्ड्रिंगविरोधी अधिकाऱ्याची मुलाखत घेतो, आणि ज्यांनी आराखडा स्वतः लिहिलेला नसतो ते तिसऱ्या प्रश्नाला अडखळतात. आयर्लंडचा आग्रह मी धरला तो यासाठीही. ब्रिटन आणि स्वित्झर्लंड या चौकटीच्या बाहेर आहेत, तिथे वेगळा अर्ज आणि वेगळे वकील लागतील, म्हणून ते देश पहिल्या दोन वर्षांच्या योजनेतून वगळावेत. आता पहिले पाऊल म्हणून फेमाचे लेखी मत मागवावे; ते येईपर्यंत पैशाच्या प्रवासाचा कागद काढावा आणि वेगळे खाते देऊ शकणाऱ्या बँकांशी पत्रव्यवहार सुरू करावा. डब्लिनच्या वकिलाशी पहिली सशुल्क बैठक या तिन्ही गोष्टी हातात असतानाच ठरवावी.